वहीतले विचार अतिदक्षता विभागापर्यंत: निवृत्त शिक्षकांसाठी वैद्यकीय इच्छापत्राचे मार्गदर्शन

सेवानिवृत्तीनंतर लिहिण्याचा निवांतपणा लाभलेले अनेक शिक्षक आयुष्य, आरोग्य आणि मूल्ये यांविषयीचे चिंतन वहीत, ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात किंवा पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतात, आणि या लिखाणात एक इच्छा निरनिराळ्या शब्दांत हमखास आढळते: शेवट साधेपणाने व्हावा, यंत्रांवर ठेवून आयुष्य लांबवू नये, मुलांवर भार पडू नये. एवढे लिहिले की इच्छा नोंदली गेली आणि वेळ येईल तेव्हा मुले व डॉक्टर तिचा मान राखतील, असा समज सर्वत्र दिसतो. मृत्युपत्रातच ही इच्छा लिहिली तर चालते का, असा कागद केल्यावर साध्या न्यूमोनियावरही डॉक्टर उपचार नाकारतील का, सही कोणासमोर करायची, असे प्रश्नही वाचकांकडून वारंवार विचारले जातात. या शंकांची उत्तरे देणे आणि वहीतल्या विचारांचे अमलात येऊ शकेल अशा कागदात रूपांतर कसे करावे हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चार कागद, चार कामे

निम्मा गोंधळ वेगवेगळे कागद एकच समजल्यामुळे होतो. म्हणून प्रथम पुढील फरक ध्यानात घ्यावा.

- वैद्यकीय इच्छापत्र: स्वतः निर्णय घेण्याची क्षमता उरणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवलेला दस्तऐवज. तो माणूस जिवंत असतानाच उपयोगात येतो.
- मृत्युपत्र: मालमत्तेच्या वाटपाचा कागद. तो मृत्यूनंतरच लागू होतो आणि बहुतेक घरांत दिवसकार्य आटोपल्यावरच उघडला जातो. उपचारांविषयीची इच्छा त्यात लिहिणे म्हणूनच व्यर्थ आहे.
- मानसिक आरोग्यविषयक पूर्वसूचना: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार केवळ मानसिक आजाराच्या उपचारांपुरती करायची नोंद. नाव आणि स्वरूप जवळचे असले तरी वैद्यकीय इच्छापत्राची जागा ती घेत नाही.
- अवयवदान व देहदानाचा संकल्प: मृत्यूनंतर शरीराचे काय व्हावे याविषयीची इच्छा.

कायद्याचा आधार, गरजेपुरता

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, जवळजवळ बेशुद्धावस्थेत होत्या. त्यांच्या प्रकरणात मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे केवळ मृत्यू लांबवणारे उपचार थांबवण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर तत्त्वतः मान्यता दिली. मात्र त्या विशिष्ट प्रकरणातील मागणी फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नसून वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि त्या कर्मचाऱ्यांचा उपचार थांबवण्यास विरोध होता. स्वतः अरुणा यांना काय हवे होते, हे सांगणारा कोणताही कागद कोणाकडेच नव्हता. वैद्यकीय इच्छापत्राची गरज याहून स्पष्टपणे मांडता येणार नाही.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, सन्मानाने मरण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मिळवण्यातच लोक थकत. ती अट २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने काढून टाकण्यात आली. विष टोचून किंवा अन्य मार्गाने मृत्यू घडवून आणणे, म्हणजे सक्रिय दयामरण, हा मात्र भारतात आजही गुन्हाच आहे आणि कोणत्याही इच्छापत्राने तो कायदेशीर ठरत नाही.

इच्छापत्र केव्हा लागू होते

वाचकांच्या मनातील सर्वांत मोठी भीती या ठिकाणी आहे आणि ती अनाठायी आहे. इच्छापत्र अमलात येण्यासाठी रुग्णाची निर्णय घेण्याची क्षमता संपलेली असणे, आजार बरा होण्याची आशा उरलेली नसणे आणि चालू असलेले उपचार केवळ मृत्यूची प्रक्रिया लांबवत असणे, या सर्व गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात, आणि त्या तशा आहेत की नाहीत हे एकटा डॉक्टर नव्हे, तर दोन स्वतंत्र वैद्यकीय मंडळे ठरवतात. हृदयविकाराचा झटका, खुब्याचे हाड मोडणे, डेंग्यू, न्यूमोनिया अशा बरे होण्याजोग्या दुखण्यांत इच्छापत्राचा संबंध येत नाही. त्या वेळी यंत्रावर ठेवणे चार दिवसांचा आधार असू शकते आणि तो घ्यावा. उलट बाजूही लक्षात असावी: रुग्ण शुद्धीवर असून सारासार विचार करू शकत असेल, तर एखादा उपचार नाकारण्याचा अधिकार त्याला स्वतःला आहेच, त्यासाठी इच्छापत्र काढून दाखवण्याची गरज नाही.

उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदनाशमन, धाप लागत असल्यास ती कमी करणारी औषधे, शय्याव्रणांची, म्हणजे अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमांची काळजी, तोंड ओले ठेवणे, ही उपशामक शुश्रूषा शेवटपर्यंत चालू राहते आणि ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

विचारांचे सूचनेत रूपांतर

शिक्षकी पेशातील व्यक्तीला भाषेची अडचण नसते, आणि नेमकी तीच या कामात आडवी येते. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न आणि औषध नाकारून शांतपणे देह ठेवला, त्या पिढीच्या संस्कारात वाढलेल्या शिक्षकाच्या वहीत त्याग, अलिप्तता, कृतार्थता असे शब्द सहज येतात. परंतु रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी संमतिपत्र पुढे करणाऱ्या डॉक्टरला त्या शब्दांतून नळी घालावी की नाही याचे उत्तर मिळत नाही. त्याला उपचाराचे नाव आणि परिस्थिती हवी असते. फरक पाहण्यासाठी पुढील दोन नमुने शेजारी ठेवून वाचावेत.

वहीतले वाक्य: “माझे आयुष्य समाधानाने गेले आहे, शेवटी मला यंत्रांत अडकवू नये.”

इच्छापत्रातले वाक्य: “मी निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेन, आणि माझा आजार बरा होण्याची आशा नाही असे वैद्यकीय मंडळांनी ठरवले असेल, तर मला कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवू नये, आधीच ठेवले असल्यास ते काढावे. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन किंवा विजेचा धक्का देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. वेदना आणि धाप कमी करणारी सर्व औषधे द्यावीत.”

दुसऱ्या नमुन्यात अट आहे, उपचाराचे नाव आहे, उपचार सुरू झालेला असल्यास काय करावे हे आहे, आणि काय द्यावे हेही आहे. ‘यंत्रांत अडकवू नये’ या शब्दांचा अर्थ एक मुलगा सलाईनसुद्धा नको असा घेईल, दुसरा डायलिसिस चालेल असा घेईल, आणि दोघेही प्रामाणिक असतील. भांडणे यातूनच उद्भवतात. म्हणून मसुदा करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी अर्धा तास बसून पुढील प्रत्येक उपचाराविषयी ‘हवा’, ‘नको’ किंवा ‘ठरावीक काळ करून पाहावा’ असे स्वतंत्र उत्तर ठरवावे:

- व्हेंटिलेटर: घशातून श्वासनळीत नळी घालून यंत्राने दिला जाणारा श्वास. तो दीर्घकाळ लागल्यास गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागते. त्याविषयी वेगळे लिहावे.
- हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न: याला रुग्णालयात सीपीआर म्हणतात. वृद्ध रुग्णात छातीवरील दाबाने फासळ्या मोडू शकतात, हे ठाऊक असावे.
- डायलिसिस: मूत्रपिंडे निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करणे.
- नळीने अन्न: नाकातून पोटात घातलेल्या किंवा पोटाला छिद्र पाडून बसवलेल्या नळीवाटे दिला जाणारा आहार. हा मुद्दा बहुतेक घरांत सर्वांत नाजूक ठरतो, कारण ‘उपाशी ठेवले’ ही भावना नातेवाइकांना वर्षानुवर्षे छळते. आपले मत काहीही असो, ते निःसंदिग्ध शब्दांत लिहिल्यास मुलांच्या मनावरचे ओझे कमी होते.
- प्रतिजैविके आणि रक्त: जंतुसंसर्गावरील तीव्र औषधे व रक्त देणे.

‘ठरावीक काळ करून पाहावा’ हा पर्याय फार थोडे जण वापरतात; वस्तुतः तो सर्वांत शहाणपणाचा आहे. पक्षाघातानंतर काही दिवस प्रयत्न करून पाहावेत आणि सुधारणा नसल्यास थांबावे, असे लिहिता येते.

यानंतर मूल्यांविषयीचा परिच्छेद लिहावा. तो टाळू नये, कारण कागदात न बसलेल्या परिस्थितीत निर्णय घेणाऱ्याला त्याचाच आधार असतो. मात्र तोही ठोस असावा. माणसे ओळखता येणे, वाचता येणे, स्वतःच्या हाताने जेवता येणे, यांपैकी काय गेले तर जगणे आपल्याला नकोसे वाटेल. शेवटचे दिवस घरी जावेत की रुग्णालय चालेल. उपचारांसाठी घर किंवा शेत विकण्यास आपली संमती आहे की नाही. अशा प्रश्नांची उत्तरे त्यात यावीत. खर्चाचा उल्लेख करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पैशासाठी उपचार थांबवले, असा ठपका मुलावर येऊ नये म्हणून तो उल्लेख वडिलांनीच करून ठेवणे बरे.

निर्णय कोणी घ्यावा

इच्छापत्रात पालक किंवा जवळच्या नातलगाचे नाव देणे आवश्यक असते आणि २०२३ च्या आदेशानंतर एकाहून अधिक नावे देता येतात. परंपरेने थोरल्या मुलाचे नाव लिहिले जाते, पण येथे ज्येष्ठतेपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: ती व्यक्ती काही तासांत रुग्णालयात पोहोचू शकते का, इतरांचा रोष पत्करून आपल्या इच्छेवर ठाम राहू शकते का, आणि तिला ही जबाबदारी मान्य आहे का. मुलगा अमेरिकेत आणि मुलगी गावातच असेल, तर पहिले नाव मुलीचे असावे. वर्षानुवर्षे न भेटलेला नातलग शेवटच्या क्षणी येऊन ‘सगळे उपचार करा’ असा आग्रह धरतो, हा डॉक्टरांच्या नित्य परिचयाचा प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणजे कागद करण्यापूर्वी सर्व मुलांना, सुनांना आणि जावयांना एकत्र बसवून तो वाचून दाखवणे. दोन नावे दिल्यास मतभेद झाल्यावर कोणाचे मत ग्राह्य धरावे, हेही लिहावे.

कागद पक्का करण्याच्या पायऱ्या

1. इच्छापत्र लेखी असावे. ते स्वेच्छेने, दबावाविना आणि परिणाम समजून केले आहे, तसेच ते केव्हाही रद्द करता येईल, ही वाक्ये त्यात असलीच पाहिजेत. मराठीत लिहिण्यास हरकत नाही. उपचारांची नावे मात्र रुग्णालयात रूढ आहेत तशी द्यावीत.
2. दोन साक्षीदारांसमोर सही करावी. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र, म्हणजे वारसाहक्काशी संबंध नसलेले असावेत. शाळेतील जुने सहकारी चालतील.
3. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर कागद साक्षांकित करून घ्यावा. हयातभर मुख्याध्यापकांच्या शिक्क्याने सत्यप्रती करून घेतलेल्या शिक्षकांची येथे चूक होते. अनुदानित खाजगी शाळेचे मुख्याध्यापकपद राजपत्रित नसते, त्यामुळे ती सही उपयोगाची नाही.
4. प्रत्येक पानावर सही करावी, नावाचे स्पेलिंग आधार कार्डावरील नावाशी जुळवावे आणि स्मृतिभ्रंशाची किंचित जरी शंका असेल तर त्याच सुमारास घेतलेले, मानसिक स्थिती सक्षम असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे.
5. एकेक प्रत नाव दिलेल्या व्यक्तींना आणि कौटुंबिक डॉक्टरांना द्यावी.
6. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. अशा प्रती सांभाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला अभिरक्षक म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयात २०२४ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात या नेमणुकांना गती मिळाली. गोव्यातही त्याच वर्षी नोंदणी सुरू झाली आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. छोट्या गावात कार्यालयाला या व्यवस्थेची माहिती नसल्यास वाद न घालता प्रत अर्जासोबत आवक विभागात द्यावी आणि आवक क्रमांक व तारीख असलेली पोच घ्यावी.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. रविवारी पहाटे लॉकर उघडत नाही. पेन्शनच्या कागदांची जी फाईल घरातल्या सर्वांना ठाऊक असते, तिच्या पहिल्या पानाला तो लावावा आणि त्याचे छायाचित्र मुलांच्या मोबाइलमध्ये असावे. मत बदलल्यास याच पद्धतीने नवा कागद करावा. शेवटी सही केलेला वैध कागद ग्राह्य धरला जातो, म्हणून जुन्या प्रती परत मागवाव्यात.

देहदान, अवयवदान आणि मालमत्ता

यांविषयी थोडक्यात एवढेच ध्यानात ठेवावे.

- नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते; त्यामुळे नेत्रपेढीचा क्रमांक घरात लावलेला असावा.
- मूत्रपिंड, यकृत यांचे दान बहुधा रुग्णालयात मेंदूमृत्यू घोषित झाल्यावरच शक्य असते, आणि संकल्पपत्र भरलेले असले तरी प्रत्यक्षात नातेवाइकांची संमती घेतली जाते.
- देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. शवविच्छेदन झालेला किंवा विशिष्ट संसर्ग असलेला देह नाकारला जाऊ शकतो, म्हणून अंत्यविधीचा पर्यायही लिहून ठेवावा.
- मृत्युपत्रासाठी मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार अनिवार्य आहेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. गोव्यात वारसा कायदा वेगळा असून सक्तीच्या वारसांचा वाटा डावलता येत नाही.
- हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचे असल्यास, सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली, अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे तो व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते. अट लिहिलेली नसेल तर लढा बराच अवघड होतो. निवृत्तीनंतर घाईने केलेले बक्षीसपत्र हा या वयातील सर्वांत महागात पडणारा भाबडेपणा होय.

रुग्णालयात प्रत्यक्ष काय घडते

इच्छापत्राची प्रत नातलगांनी दाखल होतानाच केसपेपरला लावण्यास द्यावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरने तिची सत्यता अभिरक्षकाकडून किंवा आरोग्यविषयक डिजिटल नोंदीवरून पडताळायची असते. त्यानंतर रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमते, ज्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले त्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ असतात. त्यांचे मत अनुकूल असल्यास दुय्यम मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. इच्छापत्रात नाव दिलेल्या व्यक्तींची संमती घेतली जाते आणि अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना निर्णय कळवते; त्यांची परवानगी मागावी लागत नाही.

इच्छापत्र केलेलेच नसेल तरी मार्ग पूर्णपणे बंद होत नाही, कारण कुटुंबीयांच्या संमतीने याच दोन मंडळांमार्फत निर्णय होऊ शकतो. तो न पत्करता अनेक कुटुंबे ‘डामा’ घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याची सही करून रुग्णाला हलवतात. पण अशा वेळी घरी नेलेल्या रुग्णाला वेदनाशमनाची औषधे आणि शुश्रूषा बहुधा मिळत नाही, आणि इच्छापत्राचा हेतू त्यात साधत नाही. घरी न्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी वेदनाशमनाच्या औषधांची लेखी चिठ्ठी मागावी आणि जिल्हा रुग्णालयात उपशामक शुश्रूषा विभाग आहे का याची चौकशी करावी.

रुग्णालय कागद मान्य करत नसेल, तर नातलगांनी पुढील क्रमाने जावे:

- वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन प्राथमिक मंडळ नेमण्याची मागणी करावी आणि पोच घ्यावी.
- केसपेपरच्या प्रती मागाव्यात. लेखी मागणीनंतर बहात्तर तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- रुग्णालय हे करण्यास तयार नसल्यास आणि प्रवास शक्य असल्यास मंडळ नेमणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात, शक्यतो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रुग्णाला हलवावे.
- दुय्यम मंडळाने नकार दिल्यास इच्छापत्रात नाव असलेल्या व्यक्तीला अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. न्यायालय स्वतंत्र तज्ज्ञ समिती नेमून निर्णय देऊ शकते. अशा याचिकेला इच्छापत्राची साक्षांकित प्रत आणि आवक क्रमांकाची पोच जोडावी लागते, म्हणून ही दोन्ही कागदपत्रे एकाच फायलीत असावीत.